गोरखचिंच औषध म्हणून: गर, पान आणि साल यांचा हिशेब वेगवेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीनिमित्त तुम्ही टांझानियात डोडोमाला आहात. पाच वर्षांच्या मुलाला महिन्या-दोन महिन्यांनी जुलाब होतात. घरकामाला येणाऱ्या मावशी त्याला 'उबुयू'चं, म्हणजे बाओबाबच्या फळाचं पाणी पाजतात आणि ताप आला की त्याच झाडाची साल उकळून द्या म्हणतात. साताऱ्याला आईंना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी दोन किलो पावडर न्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आणि हे झाड म्हणजे आपली गोरखचिंचच असेल, तर वसईकडच्या झाडाची फळं का वापरू नयेत, हा शेवटचा प्रश्न.

वरवर हे चार प्रश्न आहेत, पण घोळ एकाच ठिकाणी आहे. 'हे झाड औषधी आहे' असं आपण म्हणतो आणि झाडाचा प्रत्येक भाग एकाच माळेत ओवतो. गोरखचिंचेचा गर हा मुळात खाण्याचा पदार्थ आहे, त्याला थोडा औषधी गुण आहे. पान ही भाजी आहे. साल हे तुरट द्रव्य आहे, त्याचं प्रमाण कुणीच ठरवून दिलेलं नाही. बी वेगळंच प्रकरण आहे. म्हणून भाग कुठला, किती आणि कुठल्या आजारात, हे तीन प्रश्न सुटे सुटे विचारावे लागतात. माझं काम वनौषधींचा कच्चा माल पारखण्याचं आणि साठवण्याचं. मुलाला तपासून सांगण्याची बाब डॉक्टरांची आहे, ती मी कुठे कुठे त्यांच्याकडे सोडतो तेही खाली लिहिलंय.

आधी मुलाचे जुलाब.

आफ्रिकेत पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला टांझानियापर्यंत या फळाचा गर जुलाबावर आणि आवेवर दिला जातो. सेनेगलमध्ये गराला 'बुय' म्हणतात, सुदानमध्ये फळाला 'गोंगोलेस', मलावीत 'मलांबे'. इतक्या लांब लांबच्या लोकांनी एकच उपयोग धरून ठेवलाय, तेव्हा त्यात तथ्य नाही असं म्हणायला मी धजणार नाही. तथ्य कुठे आहे तेही सांगता येतं. या फळाचा गर झाडावरच वाळतो. कवटी फोडली की आत पांढऱ्या खडूसारखे ठिसूळ तुकडे निघतात, त्यात काळपट बिया आणि तांबूस धागे असतात. या कोरड्या गराचा जवळजवळ निम्मा भाग तंतूंचा आहे आणि त्यात पेक्टिन भरपूर. पेक्टिन पाणी धरून जेलीसारखं होतं, त्यामुळे शौच घट्ट होतं. शिवाय गरात तुरटपणा आणणारी टॅनिनं आहेत, आतड्याच्या अस्तरावर ती आकुंचनाचं काम करतात. आपल्याकडे कच्च्या बेलफळाचा गर जुलाबावर देतात, त्याचं तर्कशास्त्र हेच. बेलाला आपण जे श्रेय देतो, तितकंच या फळाला द्यायला हरकत नाही.

मात्र शौच घट्ट दिसणं आणि शरीरातलं पाणी भरून निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मूल जुलाबाने दगावतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि त्या क्षारांत सोडियम महत्त्वाचं. गोरखचिंचेच्या गरात पोटॅशियम भरपूर आहे, सोडियम जवळपास नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. आतड्यात ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आत शिरतं आणि त्यांच्या मागून पाणी जातं. हे प्रमाण बिघडलं की पाणी आत जाण्याऐवजी आतड्यातच राहतं. म्हणून उबुयूचं पाणी ओआरएसच्या जागी देऊ नका. त्याच्या जोडीला द्यायचं असेल तर देता येईल, कसं ते सांगतो.

प्रत्येक पातळ शौचानंतर पाच वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली ओआरएस, चमच्याने किंवा घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा बोटाने सपाट करून घ्या, शिगोशीग भरलेल्या चमच्याने मीठ सहज दुप्पट होतं. डॉक्टर बहुधा झिंक देतील, या वयात रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्याच दिवशी ते बंद करू नका. जुलाबांचा जोर उतरला की मधल्या वेळात उबुयूचं पातळ पाणी चालेल: एक चहाचा चमचा पावडर, २०० मिली उकळून गार केलेलं पाणी, वीस मिनिटं भिजवून गाळलेलं आणि साखर अजिबात नाही.

साखर नाही, यावर मी अडून बसतो, कारण चूक तिथेच होते. डोडोमा किंवा दार-एस-सलामच्या रस्त्यावर मिळणारं उबुयूचं सरबत फार गोड असतं. दाट साखरेचं पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. मग घरची माणसं म्हणतात, औषध लागू पडलं नाही, अजून द्या. आणि सरबताला वापरलेलं पाणी, त्यातला बर्फ, बाटली कितव्यांदा भरली, हे कुणालाच ठाऊक नसतं.

यावरून खऱ्या प्रश्नाकडे येऊ. मुलाला जुलाब एकदा झालेले नाहीत, महिन्या-दोन महिन्यांनी होताहेत. अशा वेळी जुलाब कशाने थांबतील यापेक्षा ते कुठून येताहेत हे शोधणं जास्त महत्त्वाचं. छपरावरच्या टाकीचं पाणी, फिल्टरची न बदललेली कांडी, शाळेतली बाटली, आणि हो, ते उबुयूचं पाणीसुद्धा ज्या पाण्यात कालवतात ते. दोन-तीन वेळा शौचाची तपासणी करून घ्या. जिआर्डिया नावाचा परजीवी असेल तर तो असाच रेंगाळतो, पोट फुगतं, शौचाला घाण वास येतो, मूल वजन धरत नाही. त्याला नेमकं औषध आहे आणि कितीही गर पाजला तरी तो जात नाही. उलट गराने शौच घट्ट दिसू लागलं तर तपासणी लांबणीवर पडते. शौचात रक्त, डोळे खोल जाणं, सहा-आठ तास लघवी न होणं, सतत उलट्या, किंवा मूल मलूल होऊन पाणीही न पिणं, यांतलं काहीही दिसलं तर घरात काही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

म्हणजे जुलाबापुरतं: ओआरएस आणि झिंक आधी, उबुयू बिनसाखरेचं आणि जोडीला, आणि कारणाचा शोध चालूच.

आता साल आणि ताप. इथे मी कुठलीही सूट देत नाही.

टांझानियात मुलाला ताप आला तर आधी मलेरियाची तपासणी. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर होणारी झटपट चाचणी पंधरा-वीस मिनिटांत निकाल देते. चाचणी मलेरिया दाखवत असेल तर तिथे 'दावा म्सेतो' नावाने ओळखली जाणारी जोडगोळी, म्हणजे आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन, वजनाप्रमाणे तीन दिवस देतात. पहिल्या दोन डोसांत आठ तासांचं अंतर असतं, पुढचे दिवसातून दोनदा. गोळी काहीतरी स्निग्ध खाण्याबरोबर द्यायची, दूध किंवा तूप-भात चालतो, कारण उपाशीपोटी ल्युमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपॅरम जातीचा असतो आणि लहान मुलात तो चोवीस तासांत गंभीर होऊ शकतो. काढ्यावर घालवायला तो एक दिवस आपल्या हातात नसतो.

मग सालीला इतकं नाव का? तेही समजून घेण्यासारखं आहे, म्हणजे मावशींशी बोलताना तुमच्याकडून त्यांचा अपमान होणार नाही. सालीत टॅनिन, चिकट द्रव्य आणि एक कडवट अंश आहे, जुन्या लिखाणात त्याला अ‍ॅडन्सोनिन म्हटलंय. गरम कडू काढा प्यायला की घाम येतो आणि घामाने अंग तासा-दोन तासांपुरतं गार लागतं. मलेरियाचा ताप तसाही चढतो-उतरतो. काढा दिला आणि ताप उतरला, हा योगायोग पिढ्यान् पिढ्या दिसत आलाय, म्हणून विश्वास बसलाय. एकोणिसाव्या शतकात युरोपीय डॉक्टरांनीही ही साल क्विनाइनच्या, म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीतून काढलेल्या मलेरियाच्या औषधाच्या, जागी वापरून पाहिली. सिंकोनाची साल टिकली, तिच्यापासून औषध झालं. बाओबाबची साल मागे पडली. तिच्यात खरोखरच मलेरिया मारण्याचा दम असता, तर ज्या खंडात या रोगाने इतकी माणसं जातात तिथे ती कुणी सोडली नसती.

प्रमाणाचा मुद्दाही आहे. एकाच झाडाच्या बुंध्याच्या खालची जुनी साल आणि वरची कोवळी साल यांत टॅनिन सारखं नसतं. मूठभर साल, भांडंभर पाणी, निम्मं होईपर्यंत उकळा, हा झाला अंदाज. पाच वर्षांच्या मुलाच्या पोटात अंदाजाने तुरट काढा गेला तर उलट्या होतात, आणि उलटीबरोबर मलेरियाची गोळीही बाहेर पडते. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

मोठ्या माणसाने सालीच्या काढ्याने गुळण्या केल्या, तोंड आलंय किंवा हिरड्या सुजल्यात म्हणून, तर त्याला माझा विरोध नाही. बाभळीच्या सालीसारखाच तो उपयोग. झिंबाब्वे आणि झांबियाकडे साल किंवा मूळ घातलेल्या पाण्याने तान्ह्या बाळांना अंघोळ घालतात, सालीच्या पाण्याने अंग बळकट व्हावं म्हणून, मुळाच्या पाण्याने कातडी मऊ राहावी म्हणून. आणि बिया भिजवलेलं पाणी प्यायलं की नदीत मगर धरत नाही, अशीही समजूत नोंदलेली आहे. हे त्या लोकांचं झाडाशी असलेलं नातं आहे, ते नातं म्हणूनच पाहावं. त्यातून मात्रा काढू नये.

सालीबद्दल एक गोष्ट मात्र खरोखर थक्क करणारी आहे. बहुतेक झाडांची साल बुंध्याभोवती पूर्ण सोलली तर झाड मरतं, कारण पानांतलं अन्न खाली नेणारा थर सालीबरोबर निघून जातो. बाओबाब तगून राहतो. त्याचं लाकूड म्हणजे पाण्याने भरलेल्या जिवंत पेशींचा मऊ गोळा असतो आणि उघड्या पडलेल्या त्या पेशी नवी साल तयार करतात. म्हणून शतकानुशतकं लोक सालीच्या आतल्या धाग्याचे दोर वळत आलेत, चटया विणत आलेत, आणि अशा झाडांच्या बुंध्यावर माणसाच्या उंचीपर्यंत जुन्या सोलण्याच्या खुणा वितळलेल्या मेणासारख्या दिसतात. तरी याचा अर्थ वाटेल तशी सोलावी असा नाही. उभे पट्टे काढायचे, दोन पट्ट्यांच्या मध्ये तेवढीच जागा सोडायची, आतल्या ओल्या थरावर कोयत्याचा घाव बसू द्यायचा नाही आणि पुन्हा जाड साल भरेपर्यंत काही वर्षं त्या जागेला हात लावायचा नाही. दुष्काळात सोललेलं झाड सावरायला फार वेळ घेतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आफ्रिका खंडातल्या सर्वांत जुन्या १३ बाओबाबांपैकी ९ झाडं २००५ नंतर मेलेली किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळलेले आढळले. झिंबाब्वेतलं सुमारे २४५० वर्षांचं 'पांके' हे झाड त्यातलंच. साल काढणं हे त्यामागचं कारण नाही, संशोधकांना संशय हवामानबदलाचा आहे. पण इतक्या जुन्या झाडांवर आणखी भार नको, हे सांगावंसं वाटतं.

आता आईंची पावडर. 'संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व' अशी जाहिरात तुम्ही वाचलीच असेल. आकडा फारसा खोटा नाही, तुलना खोटी आहे. कोरडी पावडर आणि रसाळ फळ समोरासमोर ठेवलेत. गरात १०० ग्रॅमला साधारण १५० ते ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सापडतं, झाडागणिक आणि साठवणुकीगणिक ते बदलतं. मधला आकडा २८० धरू. पण १०० ग्रॅम पावडर कुणी खात नाही. एक मोठा चमचा म्हणजे १० ग्रॅम, त्यात २८ मिलिग्रॅम. साताऱ्याच्या बाजारातल्या एका मध्यम पेरूत दोनशेच्या आसपास. आवळ्याचं तर विचारूच नका. क जीवनसत्त्वासाठी विमानातून पावडर वाहून नेण्याचं काही कारण नाही.

तंतूंचं तसं नाही. चमचाभर पावडरीत चार-पाच ग्रॅम तंतू मिळतात, त्यांतला बराच भाग विरघळणारा, आणि जेवणाबरोबर घेतला तर पिठूळ पदार्थातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते. निरोगी माणसांवर केलेल्या छोट्या प्रयोगांत पावाबरोबर हे दिसलंय. मधुमेहाच्या रुग्णाने यावर भरवसा ठेवून गोळी कमी करावी, इतका आधार त्यात नाही. मेथीचे दाणे आणि इसबगोलही याच वर्गातले, आणि ते साताऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

नेण्याआधी आईंचा क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा अहवाल बघा. मधुमेहात मूत्रपिंड हळूहळू थकतं आणि ते कळतही नाही. गरात १०० ग्रॅमला दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आहे. एका चमच्यात दोनशे, ते एरवी काहीच नाही. पण मूत्रपिंड अधू असेल, रक्तदाबाची पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल आणि 'नैसर्गिकच आहे' म्हणून दिवसाला चार चमचे घेतले, तर ते जड जाईल. अहवाल ठीक असेल तर सुरुवात एका चहाच्या चमच्याने, ताकात कालवून, आठवडाभर. पोट फुगलं नाही तर मोठा चमचा, आणि वर ग्लासभर पाणी. कोरडी पावडर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी, असं केलं की ती छातीशी चिकटते आणि बद्धकोष्ठही होतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा, टॅनिन लोहाला धरून ठेवतं. दोन किलो मात्र नकोच. एका माणसाला रोज चमचाभर म्हटलं तर महिन्याला ३०० ग्रॅम लागतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात उरलेली पावडर खडे धरेल.

पावडर बाजारातून घेण्यापेक्षा अख्खं फळ घेऊन घरी करा. तुम्ही तर झाडांच्या गावातच आहात. कवटी हिरवट-पिवळसर किंवा तपकिरी, मखमली लव असलेली, कडक आणि बिनतड्याची हवी. देठाजवळ बारीक भोक दिसलं तर आत किडा आहे. हलवल्यावर तुकडे खुळखुळले तर गर पूर्ण वाळलाय. फोडण्याआधी कवटी धुऊन कोरडी पुसा, नाहीतर बाहेरची माती आणि लव आत जाते. दगडावर आपटून किंवा हातोडीने फोडा. आतला गर पांढरा ते साईच्या रंगाचा, वास आंबटसर. करडी, हिरवी किंवा काळी बुरशी एका कोपऱ्यात दिसली तरी सगळं फळ टाका. बुरशीचं विष कोपऱ्यापुरतं थांबत नाही आणि उकळूनही जात नाही.

गर बियांना घट्ट चिकटलेला असतो. लाकडी उखळीत मुसळ आपटू नका, फिरवत घासा. बी फुटता कामा नये. मिक्सरमध्ये घातलं की बिया फुटून पावडर करडी आणि कडवट होते, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मग आधी मोठ्या चाळणीने बिया आणि धागे काढा, नंतर मैद्याच्या चाळणीने चाळा. २५० ग्रॅमच्या फळातून साधारण ४० ग्रॅम पावडर निघते, निम्मं वजन कवटीचंच असतं. हे सगळं कोरड्या दिवसांत करा, कारण पावडर हवेतलं पाणी झटकन ओढते. कोरड्या काचेच्या बरणीत, अंधारात, तीन-चार महिने. रंग तांबूस होऊ लागला म्हणजे क जीवनसत्त्व उतरलं. आंबटपणा राहतो, खायला चालते, पण गुणाच्या नावाने देऊ नका. पाण्यात कालवताना पाणी गार किंवा कोमट असावं, उकळायचं नाही. दूध घालायचं असेल तर गार आणि शेवटी, नाहीतर नासतं. पश्चिम आफ्रिकेतले फुलानी गुराखी दूध फाडायला हाच गर वापरतात.

बाजारात लाल रंगाचे साखरेत घोळवलेले 'मबुयू' किंवा 'उबुयू' म्हणून जे मिळतं ते औषध नाही, गोळी-बिस्किटातला खाऊ आहे. रंग, साखर आणि आत अख्खी कडक बी. लहान मुलाच्या घशात बी अडकू शकते, तेव्हा समोर बसवून द्या किंवा देऊच नका.

बिया टाकून द्यायच्या नसतील तर त्या कच्च्या खाऊ नका. त्यांत पचनात अडथळा आणणारे घटक आहेत, आणि त्यांच्या तेलात सरकीच्या तेलासारखीच काही त्रासदायक स्निग्धाम्लं आहेत. आफ्रिकेत लोक त्या भाजतात किंवा आंबवतात. बुर्किना फासोत आंबवलेल्या बियांचा 'मारी' नावाचा मसाला आमटीत घालतात.

पानांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या मते या झाडाची खरी देणगी पानंच आहेत. हे झाड भेंडी, अंबाडी, कापूस आणि सावरीच्या कुळातलं. कोवळं पान चुरडलं की भेंडीसारखा बुळबुळीतपणा बोटाला लागतो. नायजेरियाच्या उत्तरेला हौसा लोक वाळलेल्या पानांच्या पावडरीला 'कुका' म्हणतात, तिची 'मियान कुका' ही आमटी करतात. मालीत आणि सेनेगलमध्ये हीच पावडर 'लालो', ती बाजरीच्या कण्यांना मऊपणा आणते. अ जीवनसत्त्व देणारी कॅरोटीनं, कॅल्शियम आणि प्रथिनं, सगळं त्यात आहे. दमा, खोकला, लघवीच्या तक्रारी यांवरही पानं देतात. बुळबुळीत द्रव्याने कोरड्या घशाला आराम पडतो हे पटण्यासारखं आहे, दम्याचा झटका त्याने थांबेल असं नाही. पावसाच्या सुरुवातीची कोवळी पानं खुडा, देठ काढा आणि सावलीत पातळ पसरा. उन्हात वाळवली तर लवकर वाळतात पण कॅरोटीन मोठ्या प्रमाणात जळून जातं, रंग हिरव्याचा पिवळट-तपकिरी होतो तीच त्याची खूण. बोटांत चुरगळताना कुरकुर आवाज आला की कुटून चाळा. चार माणसांच्या आमटीला एक ते दीड मोठा चमचा पुरतो. उकळत्या रश्श्यात भुरभुरवत आणि सतत घोटत घाला, एकदम टाकली तर गुठळ्या होतात. मुलाला अशक्तपणा वाटत असेल तर हा उपाय मला सालीच्या काढ्यापेक्षा शतपट आवडेल.

वसईच्या झाडाचं. होय, ती गोरखचिंच आणि डोडोमाचा म्बुयू, म्हणजे उबुयूचं झाड, एकच, अ‍ॅडन्सोनिया डिजिटाटा. वंशाचं नाव १७४९ मध्ये सेनेगलला गेलेल्या मिशेल अ‍ॅडन्सन या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून पडलं. भारतातल्या झाडांची जनुकीय तपासणी केल्यावर ती आफ्रिकेच्या एकाहून अधिक भागांतून आल्याचं दिसलं. अरब व्यापारी, पोर्तुगीज, आफ्रिकेतून आणलेले सैनिक आणि गुलाम, यांच्या येण्याजाण्याबरोबर बिया आल्या. गुजरातीत त्याला 'रुखडो' म्हणतात, मध्य प्रदेशात मांडूची चिंच म्हणून ती प्रसिद्ध आहे. मुंबईत राणीच्या बागेत आणि वसईच्या बाजूला जुनी झाडं आहेत.

जात एक असली तरी फळाची प्रत तीच असेल असं नाही. आफ्रिकेत फळ कोरड्या ऋतूत झाडावर वाळतं. कोकणपट्टीत दमट हवेत राहिलेलं फळ तडकलं की आत बुरशी धरते. झाडाखाली पडलेली, पावसात भिजलेली फळं उचलू नका. भर रस्त्याकडेच्या झाडाची तर नकोतच. हिवाळ्यानंतर झाडावरून काढलेलं, न तडकलेलं फळ वर सांगितल्याप्रमाणे पारखून वापरा. आपल्याकडच्या सालीला मात्र कुणीही हात लावू नये. झाडं मोजकी आहेत, आणि शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं वारसावृक्ष धरली जातात.

काष्ठौषधींच्या दुकानात मागताना नावाची गफलत होते, तीही सांगून ठेवतो. 'गोरखमुंडी' ही शेतात उगवणारी जांभळट गोंड्यांची वनस्पती, 'गोरखगांजा' आणखी तिसरीच, आणि 'विलायती चिंच' म्हणजे गुलाबी गराची काटेरी झाडावरची शेंग. यांतलं एकही गोरखचिंच नाही. पुडीवर 'गोरख' वाचून घेऊ नका. अख्खं फळ दिसल्याशिवाय मी तरी विश्वास ठेवत नाही.

शेवटचं, फळं घरी फोडलीत तर बिया बॅगेत टाकून साताऱ्याला लावायला नेण्याचा मोह होईल. परवान्याशिवाय बी आणायला वनस्पती विलगीकरणाचे नियम आड येतात. लावायचीच असेल तर आपल्या भारतातल्याच झाडाची बी घ्या, तिचं एक टोक कानसने जरासं घासा, उकळतं पाणी ओतून ते गार होईपर्यंत आणि पुढे दिवसभर भिजवा, मग निचऱ्याच्या रेताड मातीत बोटभर खोल लावा. रोपाची पहिली पानं साधी एकेरी येतात, पंजासारखी नंतर. हे माहीत नसल्यामुळे चांगली उगवलेली रोपं तण समजून उपटली जातात.